खोडात अजून पीठ भरतंय

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
लेकीचं, येमिमाचं लग्न ठरलं. ११ ऑक्टोबर. मुलाकडची माणसं पलीकडच्या गावची. पानात भात दिसला की जन्मभर बोलणार. सागोचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला चिकट पापेडाच हवा, तोही मुलीच्या बापाच्या झाडाचा. भर बैठकीत शब्द दिला : ओढ्याकाठचं सागोचं झाड मी स्वतः पाडीन. वीस टोपल्या पीठ. टाळ्या पडल्या. डोल्फिनानं वाजवली नाही. बायकोचे हात ओले असतील.

६ फेब्रुवारी
मेव्हणा एल्याकिम आला. म्हणे, गुरुजी, देठं पांढुरकी पडली, झाड तयार आहे, याच महिन्यात आडवं करा. देठाच्या रंगावरून! सेराम बेटावरच्या पोरांना मी तीस वर्षं सायन्स शिकवलं. पानं उन्हात साखर करतात, झाड तिचं पीठ करून खोडात साठवतं. जितकं ऊन, तितकं पीठ. साधं त्रैराशिक. थांबणार. (कंबरही दुखतेय, पण तो मुद्दा नाही.)

१५ मार्च
कुऱ्हाडीला धार लावायचा पक्का निश्चय. कुऱ्हाड शेजाऱ्याकडे. उद्या.

१६ मार्च
पाऊस.

२ मे
एल्याकिम पुन्हा. म्हणे, झाड काय तुमच्यासाठी साठवतंय? फुलोऱ्यासाठी साठवतं. एकदाच फुलतं, होतं नव्हतं ते उधळतं आणि मरतं. शाळा चौथीत सोडलेला माणूस. हरितद्रव्य म्हणजे काय, असं विचारलं. मुद्दा संपला.

२० जुलै
शेंड्याला भाल्यासारखा कोंब! नवं पान. म्हणजे कारखान्यात एक मशीन वाढलं. वीसच्या पंचवीस टोपल्या जाहीर केल्या, विणायलाही टाकल्या. एल्याकिम एवढंच म्हणाला, की झाडाला शिंगं फुटली गुरुजी. जळतो.

३ सप्टेंबर
कोंबाला फाटे फुटलेत. पान नसावं. लग्नघरी फुलोरा म्हणजे शुभच.

२८ सप्टेंबर
झाड पाडलं. म्हणजे दोन गड्यांनी पाडलं; मी देखरेख केली. खोड आतून भुसभुशीत, नुसते दोरे. गाभा खरवडला, पाण्यात मळला, गाळला, पाणी निवळू दिलं. तळाशी अर्धी टोपली पीठ, तेही करडं. गडी एकमेकांकडे बघून हसले. या वर्षी ढग फार होते.

२९ सप्टेंबर
डोल्फिनाला सांगितलं. बरं म्हणाली. आरडाओरडा नाही, काही नाही. धक्का बसला असणार.

१२ ऑक्टोबर, सकाळ
लग्न पार पडलं. पापेडा पांढराशुभ्र, काठीवर गुंडाळला तर तुटेना. व्याह्यांनी माशाच्या रश्शाबरोबर तीनदा मागून घेतला. झाड कुणाचं, असं विचारलं. डोल्फिना म्हणाली, ह्यांचंच. मी नम्रपणे मान लववली. दोन शब्द बोलायलाही उठलो, विषय : ऊन आणि पीठ. येमिमानं सदरा धरून खाली बसवलं.

जाताना तिनंच सांगितलं, की झाड मामाचं होतं. आईनं त्याला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की एक झाड आपल्यासाठी राखून ठेव. तेव्हाच म्हणजे कधी, असं मी विचारलं. चार फेब्रुवारी. मी बैठकीत बोलत होतो, आई मागच्या दारानं मामाकडे गेली होती.

फार लागलं मनाला.