हिची साखर, माझी फुशारकी

सोमवार, दुकान उघडण्याआधी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. शाळेच्या गणवेशांची शिलाई जोरात आहे, मान वर करायला सवड नाही. भाची आली, घर भरल्यासारखं वाटलं. ती दुपारी परत निघतेय, तिच्याच हाती हे पत्र देतोय. काल फोनवरच सांगणार होतो, पण तुझा आनंदी आवाज ऐकला आणि माझं तोंडच उघडलं नाही.

भाची म्हणाली, "मामा, तुमचं ऐकून बाबांनी व्यायामाला वजनं आणलीत. आता उरलेल्या गोळ्या संपल्या की परत आणणारच नाहीत म्हणतात." माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

ताई, भावोजींच्या गोळ्या बंद होऊ देऊ नकोस. हृदयाच्याही नाहीत आणि साखरेच्याही नाहीत.

डॉक्टरांनी मला डंबेल्स उचलायला सांगितलं, एवढं खरं. स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर तेच वापरतात, रक्तदाबही ताळ्यावर येतो, असं त्यांनी नीट समजावलं. मी मान डोलावली, डंबेल्स आणली आणि कापड बेतताना सरकू नये म्हणून टेबलावर ठेवली. उत्तम सोय! कापड जागचं हलत नाही, आणि मीही.

कापड कापून झालं की ही ती डंबेल्स उचलायची, साखर हिलाही आहेच. मी हसायचो, "पैलवान होणार का?" आता ती धाप न लागता जिना चढते. साखर उतरली, डॉक्टरांनी तिची गोळी कमी केली. कमी केली, बंद नाही. तुला फोनवर माझे म्हणून सांगितलेले आकडे हिचे होते गं. "गोळ्याही सोडल्या" हे मी पदरचं घातलं. तू शाब्बास म्हणालीस आणि मी चढत गेलो. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

भावोजींनी वजनं जरूर उचलावीत, पण एकदा झटका येऊन गेलाय, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

हिला आत्ता हे वाचून दाखवलं. वाटलं, चिडेल. तिने एवढंच विचारलं, "आणि तुमची किती आहे?"

सांगितली. जिना चढताना छातीत दाटतं, तेही सांगितलं. तिने दुकानाची किल्ली खुंटीला अडकवली आणि चपला घातल्या. दवाखान्यात निघालोय.

पत्र वाचलंस की फोन कर. मला वाट्टेल ते बोल, ऐकून घेईन. पण आधी त्यांना गोळी दिलीस, एवढं सांग.

तुला तोंड दाखवायची लाज वाटणारा,
तुझा धाकटा भाऊ