कॅसेटवरचा लाल डाग

शुक्रवार, दिवेलागणीची वेळ

लिही गं मंदे, तुझी आजी बोलते तसंच.

आज तू नि मी अंधेरीच्या दुकानात गेलो, कॉम्प्युटरच्या खेळाची कॅसेट देऊन पैसे परत मागायला. खेळ चालतच नव्हता. दुकानदार म्हणाला, "आजी, पाकीट फोडलेला माल परत घेत नाही." मी म्हटलं, "नारळ फोडल्याशिवाय नासका आहे हे कळतं का रे?" तो हसला. मला वाटलं, जिंकले! मग त्याने कॅसेट उजेडात धरली. आतल्या टेपच्या पट्टीवर लाल डाग. "पोरीने काहीतरी सांडलंय." तू रडकुंडीला आलीस, आणि मी कॅसेट उचलून तुला दुकानाबाहेर घेऊन आले. घरी बापाने तूच सांडलंस म्हणून तुझा खेळ कायमचा बंद केला, तेव्हाही मी गप्पच.

तो लाल डाग काही डोळ्यांसमोरून हलत नाही. नवी वस्तू आली की हळदकुंकू वाहायचं, ही माझी खोड. तू शाळेत होतीस. ओल्या बोटाने लावलं. आतली पट्टी उघडी असते, हे मला कुठे ठाऊक?

थांबलीस का? डोळे वटारू नकोस, लिही. कुंकू मी लावलं. लिहिलंस ना? की भलतंच काही? मला अंगठेबहाद्दर मेलीला काय कळणार! वाचून दाखव बघू. मोठ्याने वाच, बाहेर बसलेल्या तुझ्या बापाला ऐकू जाईल असं.