पाटीबाहेरचा पाय

मास्तर, तुम्ही वारलात त्याला दहा-अकरा वर्षं होऊन गेली, आणि मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे त्याला त्याच्या दुप्पट तरी. आज ते भांडण मिटल्यासारखं वाटतंय. छाती हलकी झाली आहे, म्हणून पोरीची दौत घेऊन बसले. माझं अक्षर दुसरीतलंच आहे. ते तिथंच का राहिलं, हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

शाळा चावडीच्या मागच्या पडवीत भरायची. तुम्ही लोखंडाची पट्टी वाजवायचे आणि पट्टीनंतर येईल त्यानं उन्हात उभं राहायचं, असा तुमचा कायदा. मी मेंढरं बापाच्या हवाली करून धावत यायची, तरी उशीर व्हायचाच, आणि मी उन्हात उभी राहायची. त्याचं मला काही वाटायचं नाही. कायदा तो कायदा. पण पाटलाचं पोरगं माझ्याही मागून डुलत डुलत यायचं, आणि तुम्ही म्हणायचे, "या, बसा मालक, लांबून आला." लांबून कुठून? पाटलाचं दार पडवीतून दिसत होतं.

मग तो मुआयन्याचा, शाळा तपासायचा दिवस. भोकरदनहून साहेब आलेले, शेजारी थोरले पाटील पान चघळत बसलेले. आट्यापाट्यांचा खेळ लावलेला. एक पोरगं कमी पडलं म्हणून तुम्ही मला घेतलं, का तर मेंढरामागं पळून माझे पाय तयार होते. जमिनीवर राखेच्या पाट्या आखल्या होत्या. पाटीवर उभं राहणाऱ्यानं अडवायचं, आम्ही त्याला चुकवून पार जायचं. अडवणाऱ्याचे दोन्ही पाय पाटीवरच पाहिजेत, पाय बाहेर ठेवून शिवलं तर ते धरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मी चार पाट्या पार केल्या. पाचवीवर पाटलाचं ते पोरगं. मी निसटले, तशी त्यानं पाटी सोडली, हातभर बाहेर येऊन माझ्या पाठीला शिवलं. तुम्ही तीन पावलांवर उभे होते. आधी माझ्याकडं पाहिलं, मग पाटलाकडं, आणि म्हणाले, "पोरगी बाद."

मी म्हटलं, "मास्तर, त्याचा पाय भाईर गेल्ता."

"पोरीच्या जातीनं जास्ती बोलू न्हाई."

साहेब हसले. थोरले पाटील हसले. माझा बाप कुंपणाशी उभा होता, तो हसला नाही. घरी येऊन एवढंच बोलला, "हेच शिकती का शाळेत, उलटं बोलायला? बस झालं." दुसऱ्या दिवसापासून मी मेंढरामागं. तुमची पट्टी आमच्या घरात ऐकू यायची, मास्तर. एवढं जवळ घर. तुम्ही एकदा येऊन बापाला म्हणाला असता, पोरीला पाठव, तर त्यानं पाठवलं असतं. तुमचा शब्द तो खाली पडू देत नव्हता. मी पंधरा दिवस वाट पाहिली.

नंतर मला गावातच आत्याच्या घरी दिलं. लग्नात बाया लुगडं-चोळी घेऊन आल्या आणि तुम्ही कोरी पाटी-पेन्सिल घेऊन आले. मांडव सगळा हसला. आत्या म्हणाली, "नवरीनं आता पाढे म्हणत भाकरी थापायच्या का?" मी ती पाटी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, रागानं. तुम्ही कधी पाणी प्यायला आले तर दिसावी म्हणून. ते तुमचं माफी मागणं होतं का? तसं असेल तर तोंडानं मागायचं होतं. पाटीवरून मला कसं कळणार?

तुमच्या मागं काय काय झालं, सांगते थोडक्यात. ते पोरगं पुढं पाटील झालं. सरकारच्या लेव्हीचे दाणे काढायला आला तेव्हा आमची कणगी तळापर्यंत झाडून नेली, आणि स्वतःचं जमिनीखालचं धान्याचं पेव दिसू नये म्हणून त्यावर कडबा पसरून ठेवला. कोणी बोलायचं नाही. आता निजामाचं राज गेलं. पाटलानं पंधरा दिवसांत पांढरी टोपी शिवून घेतली. आणि जे लोक काल त्याच्या ओट्यावर पान खात होते, तेच आज त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं बोलून राह्यले. मला त्याचाही राग येतो आणि ह्या लोकांचाही येतो. माणूस एक ठेवा, नाहीतर माप तरी एक ठेवा.

परवा शाळेत झेंडा लावला आणि खेळ ठेवले. आता नवा मास्तर आहे, कोवळा, टोपीवाला. आट्यापाट्या होत्या. जिंकेल ती बाजू भोकरदनला जाणार, म्हणून माझी धाकटी आठ दिवस नीट जेवली नव्हती. ती दहाची आहे, तिसरीत. तिनं भोकरदन पाहिलेलं नाही. शेवटच्या पाटीवर ती उभी आहे आणि समोरून पाटलाचं पोरगं येतंय. ते वाकतं, निसटतं, माझी पोरगी झेप घेते आणि शिवते. मास्तर म्हणतो, "बाद!" सगळी माणसं ओरडतात.

पाटील उठून म्हणाला, "मास्तर, पोरीचा पाय भाईर होता."

"पाटील, तुमच्या पायानं चालायचे दिवस गेले," एक जण म्हणाला.

"निजामाला कागद लिहा की," दुसरा म्हणाला. लोक पोट धरून हसले. मास्तरही हसला. पाटील उभा होता तसा खाली बसला. मान खाली घालून.

मी उभी राहिले. म्हटलं, "पाय भाईर गेल्ता. मी पाह्यलं. पोरगं बाद न्हाई."

"मावशी, बसा हो खाली, तुमचीच पोरगी जिंकली," मास्तर म्हणाला.

"माझीच हाय म्हणून सांगून राह्यले. तिलाच विचारा."

त्यानं विचारलं. पोरीनं मान हलवली, हो म्हणून. ते पोरगं पार गेलं असं धरलं. आमची बाजू हरली.

माझा नवरा घरापर्यंत माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिला. दारात म्हणाला, "पाटलानं आपली कणगी झाडली, ती विसरली का?" मी म्हटलं, "कणगी पाटलानं झाडली, त्याच्या पोरानं न्हाई." पोरगी भाकरीवर रुसली. "तू कोणाची आई हाइस?" म्हणाली. मी ताट तिच्यापुढं सरकवलं. मला भीती एकच होती, ही आता शाळा सोडते. माझंच रक्त आहे. मग ताटाकडं बघत म्हणाली, "अख्खा पाय न्हाई गेल्ता. अंगठाच गेल्ता." आणि सकाळी पट्टी वाजायच्या आधी दप्तर घेऊन पळाली. मी दारात उभी राहून तिला पडवीत शिरेपर्यंत पाहिलं. मग भांडी घासत होते तर हसू येत होतं, उगाच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वाचणार कोण? पण एक गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते, कारण तुम्हीच ती समजाल. मी लगेच उठले नव्हते. पोरीचा पाय गेला तो मी सगळ्यांच्या आधी पाहिला, आणि बसून राहिले. अजून कोणाला दिसलं का, ते आजूबाजूला पाहत होते. पाटील बोलला नसता तर मी बोलले असते, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.