सलामीतच चीतपट

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूर

व्यंकू, दिवाळीत माझ्या नातवाला निपाणीच्या तालमीत नेऊन डाव दाखवलेस ते तूच. त्याची फळं इथे मी भोगते आहे. तुझ्या हौसेपायी आमच्या घरात कुणी धड बसत नाही की धड जेवत नाही. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

चि. व्यंकोजीस ठकुअक्काचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (दुखतच असणार. वस्तादगिरी सुटली तरी मिरवणं सुटलं नसेल.) माझी तब्येत बरी, जीव मात्र थाऱ्यावर नाही. गॅलरीत जाते, आत येते, पुन्हा गॅलरीत. समोरच्या उड्डाणपुलावरच्या गाड्या तरी कुठेतरी पोचत असतील.

तर शंतनू तुझी तालीम बघून आला आणि कंपनीत त्याने कुस्तीचा गेम काढला. पैलवान जो डाव जास्त वेळा मारेल, तो डाव जास्त जोरकस होणार, असं त्यातलं गणित. पण ह्या शहाण्याने ढाक वेगळी लिहिली, घिस्सा वेगळा, कलाजंग वेगळी. जोर कसा वाढायचा ते प्रत्येकाखाली पुन्हा तेच. त्याची साहेबीण पवित्रा (इथलीच कन्नड मुलगी, चेहरा गोड, जीभ माझ्यासारखी) म्हणाली, हा पसारा आवर, सगळ्या डावांना मिळून एकच नियम कर. झालं! पोरगं घरभर येरझाऱ्या घालायला लागलं. नातसून सिद्धी म्हणते, अरे बस जरा. तो म्हणतो, बसलो की सुचत नाही. मी म्हटलं, चालूनही काही सुचलेलं दिसत नाही.

शेवटी सुचलं. सगळं खोडून एकच नियम लिहिला, कोड एवढासा झाला आणि साहेब पाय पसरून झोपले. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. गेममधले पैलवान माती कपाळाला न लावता, हात न मिळवता एकमेकांना भिडायचे. रस्त्यावरची मारामारी आहे का ती? मी जेवण सोडलं (एकादशीच होती, पण त्याला कुठे ठाऊक), तेव्हा त्याने सलामी घातली. घातली ती डावांच्याच रांगेत! नियम वेगवेगळे होते तोवर सलामी गरीब गायीसारखी होती. एकच नियम झाल्यावर तिचाही जोर वाढायला लागला. आणि ढाक लागते कधीतरी, सलामी तर प्रत्येक कुस्तीला. बाकीचे डाव राहिले लुळे आणि सलामी झाली महाबळी.

हे कळलं कधी, तर काल, कंपनीचे मोठे साहेब बघायला बसले तेव्हा. शंतनू घरूनच दाखवत होता. गेम नापसंत झाला तर ह्याची नोकरी जाणार, हे सिद्धीने माझ्या कानावर घातलं होतं. पडद्यावर आपल्या पैलवानाने माती लावली, हात पुढे केला आणि समोरचा धाडकन उताणा! दुसरा आला, तोही उताणा. नंतरचा तर हात लागायच्या आधीच आडवा. पवित्रा ओरडली, "शंतनू, एनिदु? हे काय आहे?" शंतनूचा चेहरा पांढराफटक. मी मागे मटार सोलत होते, चकार शब्द बोलले नाही. पण देवाची कृपा, साहेब एकाएकी खूश झाले आणि गेम पसंत पडला. मोठ्या माणसांच्या मनातलं आपण काय सांगावं.

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लाव.

तुझी
ठकुअक्का

ता. क. चकार शब्द नाही म्हणजे, थोडं बोलले. मटार खाली ठेवून कॅमेऱ्यासमोर गेले आणि सांगितलं, ही चूक नव्हे, आमच्याकडे मुरलेल्या वस्तादाच्या सलामीनेच समोरचा कोसळतो, माझ्या सख्ख्या भावाने अशा पुष्कळ कुस्त्या मारल्यात. (माझ्या हिंदीतून त्यांना निम्मंच कळलं. तेवढं पुरलं.)

आणखी एक. आता त्यांना तुझी मुलाखत गेममध्ये घालायची आहे. पवित्रा फोन करेल, कन्नडमध्ये विचारेल. तू नुसतं म्हण, होय, पडायचे. कसे पडायचे म्हणाली तर म्हण, वस्ताद गुपित फोडत नसतो. पोराची नोकरी तुझ्या तोंडी आहे, समजलास? आणि फोन तूच उचल. तुझ्या बायकोला, गंगव्वाला, हात लावू देऊ नकोस. त्या कुस्त्यांत कोण पडायचं ते ती खरं सांगेल.