सुईत दोरा कोण ओवणार

१२ जून

चि. थोरलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. आईचं पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू विषय उडवून लावतेस, म्हणून लिहायला बसले.

काल शेजारीण ब्लाउजचं कापड घेऊन आली आणि मशीनशेजारी ठाण मांडून बसली. तिचा मुलगा तुमच्याच कॉलेजात. तो म्हणे सांगत होता, एचआयव्हीच्या तपासणीला आपला धाकटा ढब्बू तुझ्या खोलीत गेला तो अर्धा तास बाहेरच आला नाही, आणि आला तो मान खाली घालून. हे सांगताना बाई माझ्याकडे अशी बघत होती की मी कॉलर उलटी लावली. नंतर उसवत बसले.

मला एक सांग, तपासायचं काय ते टोचून होतं ना? मग अर्धा तास कशाला? पोरगा वाळलाय. मागच्या खेपेला मी खोलीत शिरले तर बॅगेची चेन घाईघाईनं ओढली त्यानं. कुठंतरी पाणी मुरतंय. तू तिथली समुपदेशक, निकाल तूच सांगतेस. मला जास्त काही नको, हो का नाही एवढंच कळव. आईपासून कसलं गुपित?

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.

तुझी आई

---

१७ जून

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. हसले नाही, घाबरले.

अर्ध्या तासाचं कारण ऐक. पहिल्या वर्षी आम्ही ज्याचा निकाल चांगला त्याला लगेच सोडायचो आणि ज्याला लागण त्याला नीट समजावायला बसवून घ्यायचो. बाहेरच्या बाकावरची पोरं घड्याळ बघायला शिकली. एक मुलगा उशिरा बाहेर आला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या टेबलावर कुणी जेवायला बसेना. परीक्षा न देताच तो गेला. त्याला औषधं मिळाली असती, रोज गोळी घेऊन तो चारचौघांसारखा जगला असता. शिकायचं मात्र राहिलं. चूक आमची होती.

म्हणून आता प्रत्येकाला अर्धा तास. निकाल काहीही असो. बोलणं संपलं की शब्दकोडं सोडवत बसायचं. प्राचार्यही बसले होते.

आता तुझं 'हो का नाही'. आई, आज मी ढब्बूबद्दल 'नाही' म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणाबद्दल गप्प राहिले की त्याचा अर्थ 'हो' होईल. म्हणून कुणाबद्दलच काही सांगायचं नाही. भावाबद्दलही नाही. आणि समज, कुणाला असलाच, तरी तो आजार पेल्यानं, टॉवेलनं, शेजारी बसल्यानं पसरत नाही.

रागावू नकोस. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी थोरली

---

२९ जून

चि. थोरलीस,

आशीर्वाद. भाषण पोचलं. 'नाही' असतं तर आईला सांगायला तुझी जीभ झडली नसती. मला काय समजायचं ते समजले.

ढब्बू शनिवारी आला. मी त्याचा पेला वरच्या फळीवर वेगळा ठेवला, टॉवेलला वेगळा खिळा. तो नेहमीसारखा मशीनपाशी आला. डोळे अधू झाल्यापासून सुईत दोरा तोच ओवून देतो, आठवड्याच्या सुया भरून ठेवतो. मी सुयांचा डबा मागे सरकवला. म्हटलं, राहू दे, दिसतंय मला. कुठलं दिसतंय! दोरा चाटतेय, चुकतेय, आणि तो उभा राहून बघतोय. रविवार संध्याकाळपर्यंत राहणार होता, सकाळीच गेला.

मी रडले गं. पोटचा पोर आहे. पण हात पुढे होईना.

तुझी आई

---

४ जुलै

आई,

नमस्कार. ढब्बू येऊन गेला माझ्याकडे. सुट्टीत घरी येणार नाही म्हणतोय. आईनं पेला वेगळा केला त्याचं काही नाही, म्हणाला, सुई काढून घेतली.

तुला राग आहे तो माझ्यावर काढ. मी पंधरवडाभर प्रशिक्षणाला चालले आहे, तोवर खोलीत दुसऱ्या बाई असतील. त्याला एक ओळ लिही. एवढं मागणं आहे.

तुझी थोरली

---

२१ जुलै

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. आता जे लिहिते ते बसून वाच.

तू नाहीस असं बघून मी तुझ्या कॉलेजात गेले. त्या दुसऱ्या बाईंना गोड बोलून ढब्बूचं काढून घेऊ, असा बेत होता. दारावर पाटी, आज पालकांचीही तपासणी. बाई म्हणाल्या, आत यायचं तर रक्त द्यावं लागेल. दिलं. पोरासाठी हेरगिरी करायला गेलेली मी, बोटाला कापूस धरून बसले. ढब्बूबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत त्या. माझा निकाल सांगितला, समजावलं आणि शब्दकोडं पुढे केलं. अर्धा तास! आडव्या ओळीतलं एक अजून सुटलेलं नाही.

बाहेर आले तर बाकावर शेजारणीचा मुलगा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. माझी मान आपोआप खाली गेली, चोरी न करता.

संध्याकाळी शेजारीण दारात. आत आली नाही. ब्लाउज तसाच दे म्हणाली, बाही राहिलीय तरी चालेल. शिवताना सुई टोचते ना हो बायांना, कापडाला रक्त लागतं, म्हणाली. इतकी वर्षं मी तिचे कपडे शिवले. मी घडी करून दिली. तिनं ती दोन बोटांनी धरली.

दार लावलं आणि डोळ्यांपुढे ढब्बूच उभा राहिला, मी डबा मागे सरकवताना बघणारा. पेला खाली आणला. मग त्याला एक ओळ लिहिली, सुया रिकाम्या आहेत, ये.

काल आला. दारातच म्हणाला, आई, विचार काय विचारायचं ते. मी म्हटलं, आधी हात धू, पांढरा दोरा घे. सगळ्या सुया भरल्या त्यानं. एक बोटाला टोचली, तर मी त्याचं बोट पदरात दाबून धरलं, लहानपणी धरायचे तसं. आता मला काही कळायला नको होतं.

दोघं भांडा, पण येत राहा. आईवरची माया आटू देऊ नका.

आणि हो, माझा निकाल काय आला ते विचारू नकोस. सांगायची नाही.

तुझी आई