दुसऱ्या स्वयंपाकघराचे प्रतिज्ञापत्र

बडोदे, वरचा मजला
मंगळवार

प्रिय अभिजित,

हे पत्र टपालाने येणार नाही. तू कामाला निघण्यापूर्वी ते तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवीन, म्हणजे वाघोडियाच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुला ते वाचावेच लागेल. तोंडी बोललो असतो. पण तोंडी बोलताना तू मोबाइलकडे पाहतोस, आणि चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना लक्ष नसलेल्या विद्यार्थ्याशी मी कधी वाद घातला नाही.

प्रथम सरकारविषयी. ज्या शहरात चैत्रापासून टाकीच्या पाण्याने हात पोळतो आणि आंघोळीचे पाणी बादलीत निववावे लागते, तिथे पाणी तापवण्यासाठी अनुदान द्यावे, यामागचा विचार मला अद्याप सापडलेला नाही. तरीही दोन महिने थंडी असते आणि वीज वाचते, म्हणून पहिल्या सौर बंबाला मी आक्षेप घेतला नाही. तू, सूनबाई मालविका, नातू उत्कर्ष आणि मी, असे चौघे न्हाऊन त्याचे पाणी उरत होते.

माझा आक्षेप दुसऱ्या बंबाला आहे. योजनेचा नियम एका वाक्याचा: एका स्वयंपाकघरास एक संयंत्र. ज्याने तो लिहिला त्याची कल्पनाशक्ती बेताची असावी, पण अर्थ तरी स्वच्छ आहे. गोरवा भागात बंब विकणाऱ्या धवलला, तुझ्या त्या सल्लागाराला, त्यात फट दिसली. बाप वर राहतो, मुलगा खाली. तेव्हा कुटुंबे दोन, बंबही दोन. प्रतिज्ञापत्र तो तयारच घेऊन आला. 'काका, आ तो फक्त फॉर्मालिटी छे,' म्हणत त्याने सहीच्या जागेवर बोट ठेवले, जणू मला ती सापडली नसती. मी तुझ्याकडे पाहिले. तू घड्याळाकडे पाहिलेस. परक्या माणसासमोर मुलाला खोटे पाडायचे नाही, एवढ्या एका दुबळ्या कारणासाठी मी सही केली. ती माझी चूक, आणि ती कबूल केल्याखेरीज पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

मग 'लाभार्थी' म्हणून गच्चीवर माझे छायाचित्र निघाले. मारलेल्या वाघाजवळ शिकारी उभा राहतो, तसा मी त्या काचेच्या नळ्यांजवळ उभा होतो. त्यानंतर तू माझ्या खोलीलगतच्या बाल्कनीत एक विजेची शेगडी, दोन पातेली आणि तूरडाळीचे न फोडलेले पाकीट मांडलेस. तपासनीस आला तर दुसरे स्वयंपाकघर दिसायला हवे, म्हणालास. नाटकाच्या नेपथ्यालाही यापेक्षा अधिक श्रम घेतात.

त्या दिवशी मी एक साधा विचार केला. आपण दोघांनी शपथेवर लिहून दिले आहे की मी वेगळा राहतो आणि वेगळा जेवतो. हे विधान खोटे आहे. ते मागे घेण्याची तुझी तयारी नाही. मग विधान न बदलता दोष काढायचा, तर वस्तुस्थिती बदलावी लागेल. मी डाळीचे पाकीट फोडले.

पहिल्या संध्याकाळी मालविका वर आली. 'नाना, हे काय मांडलंय तुम्ही? चला, पानं घेतलीत,' म्हणाली. मी शपथेने बांधलेला आहे, असे तिला सांगितले. ती खाली गेली. दुसऱ्या दिवशी तिने उत्कर्षला पाठवले. तिसऱ्या दिवसापासून कोणी आले नाही. तू एकदाही आला नाहीस. म्हातारा रुसला आहे, आपोआप खाली उतरेल, असे जिन्यात फोनवर कोणाला तरी सांगताना मी तुला ऐकले. इतका आळशी निष्कर्ष माझ्या हाताखालच्या कोणत्याही विद्यार्थ्याने काढला असता, तर मी त्याचा पेपर परत केला असता.

सतरा दिवस झाले. भात मला अजून साधत नाही.

काल दुपारी तुम्ही कोणी घरी नसताना तपासनीस येऊन गेली. नीटस मुलगी होती, कांचन नावाची. तिने करपलेले पातेले पाहिले, पालथे घातलेले एकच ताट पाहिले, कागदावर खूण केली. जाताना दारात थांबून तिने विचारले, 'काका, एकलाज जमो छो?' एकटेच जेवता का, एवढेच. मी हो म्हणालो. अभिजित, ते उत्तर खरे होते. तुला लाज वाटावी म्हणून मी हे मांडले होते, आणि तुझे प्रतिज्ञापत्र अक्षरशः खरे ठरले. तुझ्या बाजूने एवढा निर्दोष पुरावा तुझ्या त्या धवललाही उभा करता आला नसता.

या पत्रासोबत अर्ज मागे घेण्याचा कागद जोडला आहे. कांचनकडूनच मागून घेतला; दोन्ही कुटुंबप्रमुखांच्या सह्या लागतात. माझी मी केली आहे. तू केलीस, तर कागद स्वतः वर घेऊन ये, मालविकेच्या किंवा उत्कर्षच्या हाती पाठवू नकोस, आणि मी तुझ्याबरोबर खाली जेवायला येईन. नाही केलीस, तर अनुदान महिन्याभरात मंजूर होईल, असे ती म्हणाली. आज मी भात लावणार नाही. रात्री साडेआठपर्यंत वाट पाहीन.

तुझाच,
नाना