माहेर निघालं व्हँकुव्हरला

३ फेब्रु., मंगळ.
महेश चंदनसारच्या त्याच्या घरून आला तो मोबाइल पुढे करूनच. मुंबई ते व्हँकुव्हर, बारा हजार किलोमीटरच्या वर. हाँगकाँगला विमान बदलून जवळजवळ चोवीस तास. "आई, दादरला जाऊन आलीस तरी गुडघे शेकत बसतेस. केतकी करेल काहीतरी." काहीतरी म्हणजे काय? पोटुशी बहीण आहे त्याची. पहिलटकरीण माहेरी येते. तिला डॉक्टरांनी विमान बंद केलंय, तर माहेर तिकडे जाईल. व्हिसा आलाय, तिकीट जावयांनी काढलंय. अडलंय ते फक्त याच्या तोंडात.

४, बुध.
तिकीट नीट पाहिलं. रात्री एकला निघायचं, त्याच तारखेला दुपारी तिथे. म.ला फोन केला, "अरे, दुपारच्या जेवणाला पोचतेय की!" तिकडचं घड्याळ मागे कसं, हे बराच वेळ शिकवत होता. मला माहीत होतं. शिकवू दिलं.

७, शनि.
मोठा टप्पा बारा तासांचा. म्हटलं, सवय करू. ओटीवर लाकडी खुर्ची टाकली, जुन्या साडीच्या पट्टीने कंबर बांधली, सकाळीच बसले. पाचूबंदरची काशी मासळी घेऊन आली. "वयनी, पोरानं बांधून ठेवली काय तुला?" विमानाचं सांगितलं तर पाटी उतरवून हसत सुटली. जाताना मात्र, "पानी पीत ऱ्हा. पाय हलवत ऱ्हा." दिवेलागणीला पट्टी सोडली. पाय सुजले. कुणाला सांगायचं नाही.

८, रवि.
म.ला कळलंच. ओरडला. म्हटलं, तू बसून दाखव. बसला, पट्टीसकट. जेवणाच्या आत कंबर धरून उठला!

१२, गुरु.
म. पुन्हा तेच. "लांब आहे गं." विटले या शब्दाला. हे गेले तेव्हाही हेच. केतकी वाटेत होती आणि सगळे म्हणाले, लांबून येतेय, किती थांबायचं? पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही. अजून राग येतो. एकदा झालं ते झालं. पुन्हा होऊ देणार नाही.
रोज भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन येते. गुडघे कुरकुरतात. कुरकुरू देत.

२४, मंगळ.
डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी. म.ने बॅग काट्यावर ठेवली, माझ्या दोन साड्या काढल्या, सुकेळी राहू दिली. मग हळूच, "विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीय." आधी नाही म्हटलं. मग हो. बसायची सवय आता आहेच.

१ मार्च, रवि., संध्या.
गाडी दारात. एवढ्यात जावयांचा फोन. केतकीला कळा सुरू झाल्यात, दिवस भरायच्या आतच. म. खुर्चीत बसला. "आता काय उपयोग? तू हवेत असतानाच होईल सगळं." होईलही. पण बाळंतपण म्हणजे फक्त कळा नव्हेत. पुढे न्हाऊ-माखू कोण घालणार, पोरीला चार घास गरम कोण वाढणार?
"ऊठ," म्हटलं, "बॅग उचल."
उचलली त्याने.
बाळ निघालंय, मीही निघालेय. बघू, आधी कोण पोचतं.